खंडेनवमीचे तीन चाकू

माझा भाचा अमेरिकेतून येताना दर खेपेला बदाम, चॉकलेटे आणि कोणाच्याच अंगाला न बसणारे सदरे घेऊन येतो. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या पावसाळ्यात, तो आला आणि त्याने एक लहानशी काळी पेटी माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, "मामा, ही उमरीच्या मामांना पोचती करा. लहानपणी त्यांच्या चाकूने ऊस सोलायला शिकलो होतो. मला जायला रजा नाही."

पेटीत घडीचा चाकू होता. पण चाकू म्हटल्यावर तुमच्या-आमच्या डोळ्यांपुढे जे येते, ते हे नव्हे. मूठ करड्या रंगाची, टायटॅनियम धातूची. पाते चार बोटांएवढे, त्याला एक गोल भोक. त्या भोकात अंगठा घालून रेटले की एकाच हाताने पाते उघडते आणि 'टक्' असा आवाज होऊन जागच्या जागी बसते. मागे खिशाला अडकवायची पट्टी. ह्या जातीच्या चाकूंना तिकडे 'टॅक्टिकल' म्हणतात. म्हणजे सैनिकी ढंगाचे. प्रत्यक्षात ते सैनिकांपेक्षा कचेरीत बसणाऱ्या माणसांच्याच खिशात जास्त असतात, असे भाच्यानेच हसत सांगितले. किंमत विचारली तर अडीचशे डॉलर. मी मनात गुणाकार केला आणि पेटी जपून बंद केली. बावीस हजार रुपये! आमच्या घरातली सगळी भांडी, विळी, अडकित्ता आणि किसणी विकली तरी एवढे यायचे नाहीत.

सौभाग्यवतींनी पाते पाहिले मात्र, त्यांना हिंदी चित्रपटातला खलनायकच आठवला. त्यांचाही दोष नाही. आपल्याकडे घडीचा चाकू म्हणजे रामपुरी, आणि रामपुरी म्हणजे खून, हे समीकरण पडद्याने पक्के केले आहे. "पोलीस धरतील," त्या म्हणाल्या. मी नियम काढून पाहिला. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते असले, आणि ते घरकामाचे अगर शेतीचे नसले, तर शस्त्रांचा नियम लागू होतो. आमचे पाते त्याच्या निम्म्यानेही नव्हते. तरी मनाई हुकूम लागलेल्या गावात असली वस्तू खिशात घालून मिरवू नये, हे शहाणपण वेगळेच.

आता माझी एक जुनी खोड सांगतो. महाग वस्तू दिसली की तिच्यासारखी स्वस्त कोठे मिळते, हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. फोर्टातल्या पदपथावर मला हुबेहूब तसाच चाकू साडेचारशे रुपयांना मिळाला. तसाच करडा रंग, तसेच भोक, तशीच पट्टी. पात्यावर कोरलेले नावही तेच, फक्त त्यात एक अक्षर कमी. दोन्ही शेजारी ठेवले तर जुळे भाऊ वाटावेत. मी खूश झालो. एकवीस हजार साडेपाचशे रुपयांचा फरक आहे तरी कशात, हे एकदा पाहूच, असा विचार करून दोन्ही चाकू ट्रंकेत टाकले आणि दसऱ्याच्या आधी रात्रीच्या गाडीने नांदेडला निघालो.

नांदेडला उतरलो की मी गुरुद्वाऱ्यात जातोच. गुरु गोविंदसिंगांनी १७०८ साली ह्याच गावी गोदावरीकाठी देह ठेवला. आज दिसते ती सचखंड श्री हजूर साहिबची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ च्या दरम्यान बांधवली. आत शस्त्रांची पूजा आहे, बाहेर शस्त्रांचा बाजार. कडी, कंगवे आणि किरपाणी ह्यांच्या दुकानांची रांग लागलेली. किरपाण धारण करणे हा शीख धर्माचा भाग मानला जाईल, असे आपल्या संविधानाच्या पंचविसाव्या कलमाच्या स्पष्टीकरणातच लिहिले आहे; त्यामुळे ह्या रस्त्यावर पोलाद पाहून कोणी दचकत नाही.

त्या रांगेत एक वृद्ध शिकलगार बसले होते. पिढ्यान्‌पिढ्या हत्यारे घडवायची, त्यांना धार द्यायची, हा त्यांच्या जमातीचा धंदा. मी दोन्ही चाकू त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी धार पाहिलीच नाही! कानाजवळ धरून एकेक उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मग माझा चाकू अलगद बाजूला सारून म्हणाले, "साब, ये वाला दिखाने का है. इस पे ज़ोर मत डालना."

मी मान डोलावली. हे वाक्य पुढे मला फार दिवस पुरणार होते.

उमरीला मुदखेडवरून जायचे. माझ्या लहानपणी ह्या मार्गावर मीटरगेजची लहान गाडी होती. सुट्टीत आत्याकडे जाताना खिडकीत बसायला आम्ही भांडत असू. आता रूळ रुंद झाले, गाड्या लांब झाल्या. पण काळी जमीन तीच आणि स्टेशनावर उतरताच नाकात शिरणारा ओल्या मातीचा वासही तोच. उमरी हे जुने बाजारपेठेचे गाव. बाहेरच्या माणसाला त्याचे नाव माहीत असते ते एका धाडसामुळे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी इथल्या बँकेवर सशस्त्र हल्ला करून निजामी राजवटीचा पैसा लढ्यासाठी पळवला. तो दिवस कोणता, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला.

गेल्या सप्टेंबरात मराठवाड्यावर आभाळ फाटले होते. गाडीतून पाहत होतो, तर सोयाबीन पाण्यात उभे राहून काळे पडलेले, कपाशीची खालची बोंडे सडलेली. आतेभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, स्टेशनावर आला होता. सत्तरी उलटली, पण पाठ ताठ. बांधावरून चालताना एवढेच म्हणाला, "यंदा दसरा कसला रे. कॅलेंडरात हाय मनून करायचा."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. ओट्यावर वहिनींनी सारवून पाट मांडला. विळे, खुरपी, कुऱ्हाड, पाने, पंपाचा पान्हा, नातवाच्या सायकलची किल्ली, सगळे ओळीने ठेवून हळदकुंकू वाहिले. दादाचा चाकूही होता. घिसाड्याने घडवलेला, बाभळीची मूठ, मोडक्या ट्रकच्या कमानपाट्याचे काळे पाते. "लोखंडाचं आनखी काई असंल तर ठिवा भावजी," वहिनी म्हणाल्या. मी पेटी काढली आणि भाच्याचा निरोप सांगितला. चाकू हातात देऊ लागलो, तर त्या पटकन म्हणाल्या, "हातात नगं, खाली ठिवा. भांडण होतंय." तेव्हा खाली ठेवला. शेजारी माझाही ठेवला.

दादाने दोन्ही न्याहाळले. "केवढ्याला पडला रे?"

मी उत्तर देण्याआधी नजर समोरच्या अंगणात गेली. तिथे ताडपत्रीवर भिजलेले सोयाबीन वाळत घातले होते आणि त्याला मोड आले होते. सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव जाहीर केला होता. म्हणजे त्या पेटीत पावणेतीन क्विंटल कापूस होता. आणि शेतात सडत होता तोही कापूसच. मला बावीस हजार हा आकडा तोंडातून काढवेना.

"असेल चार-पाचशेचा," मी म्हणालो.

"आन् ह्यो दुसरा?"

"तोही तसाच. दोन्ही सारखेच."

नातू सोळा वर्षांचा, अकरावीला. तो केव्हाचा त्या चाकवांभोवती घोटाळत होता. "आजोबा, एक मी घेऊ?" त्याने दोन्ही उघडून पाहिले. पदपथावरचा जास्त चकचकीत होता. त्याने तोच उचलला. मी काही बोललो नाही. बोलायचे तर आधीचे खोटे मोडावे लागले असते. मनाशी म्हटले, पोरगा पेन्सिली तासील, नाहीतर चार मित्रांना दाखवील. त्यात काय बिघडते?

दसऱ्याला सोने वाटले, पुरण झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर चहा घेत होतो. नातू शेतावर फवारणीच्या पाण्याला जुना प्लास्टिकचा डबा तयार करीत होता. झाकणाला भोक पाडायचे म्हणून त्याने चाकूचे टोक लावले आणि वरून जोर दिला. टोक रुतले, मूठ जराशी वाकली, आणि उघडे पाते मिटले. मधे त्याची तर्जनी होती.

तो ओरडला नाही. मूठ आवळून, कोपरापर्यंत रक्त ओघळत, तसाच चालत घरी आला. वहिनींनी हळदीचा डबा आणला; दादाने तो बाजूला करून मोटारसायकल काढली. गावातल्या डॉक्टरांनी चार टाके घातले. बोटे हलवून पाहायला सांगितली. आम्ही तिघे त्या पोराच्या बोटाकडे असे पाहत होतो, जणू घड्याळाचा काटा सरकतो की नाही ते पाहावे. बोट हलले. शीर वाचली होती. डॉक्टर म्हणाले, एवढ्या तेवढ्याने वाचली.

त्या रात्री मी दादाला खरे सांगितले. किमती सांगितल्या; शिकलगाराने काय बजावले होते, तेही सांगितले. तो बराच वेळ तंबाखू मळत राहिला. मला वाटले, बावीस हजारांचे ऐकून तो चिडेल. पण तो म्हणाला, "पैशाचं काय घेऊन बसलास? आमाला काय हेवा वाटला असता? पोरानं कोन्ता उचलावा, एवढं तरी कळलं असतं की."

मला त्यावर बोलण्यासारखे काही उरले नव्हते.

सकाळी मात्र त्याने स्वतःच तिन्ही चाकू बाजेवर मांडले. बावीस हजारांत काय येते, ते त्याला पाहायचे होते. दादा यंत्रावर विश्वास ठेवतो, पण ते उघडून पाहिल्यावर. चष्मेवाल्याचा बारीक पेचकस घेऊन आम्ही दोन्ही चाकू खोलले.

दोघांची कळ एकच. मुठीच्या आत एक पट्टी असते. पाते पूर्ण उघडले की ती आपल्या ताणाने आडवी सरकून पात्याच्या बुडाशी टेकते आणि त्याला मिटू देत नाही. मायकेल वॉकर नावाच्या अमेरिकन कारागिराने १९८० च्या सुमारास ही पट्टीची रचना नावारूपाला आणली. पात्यातले ते भोक आणि खिशाची पट्टी कोलोरॅडोच्या स्पायडरको कंपनीने १९८१ मध्ये काढलेल्या चाकवाची देणगी. कल्पना कोणालाही उचलता येतात. पण पात्याचे बूड किती अंशांत घासले आहे आणि पट्टी त्याला कोठे भेटते, ह्याचा हिशेब केसाएवढा असतो. भाच्याच्या चाकवात पट्टीचे तोंड पात्याच्या बुडाला सपाट, भरघोस भिडत होते. माझ्या चाकवात पट्टी पत्र्यासारखी पातळ आणि तिचा नुसता कोपरा टेकत होता. बूडही गोलसर. वरून दाबले की पट्टी घसरायचीच. दादाने पाठीकडून पाते लाकडावर हलकेच आपटले. तिसऱ्या ठोक्याला मिटले. भाच्याचे पाते वीस ठोक्यांना ढिम्म.

"आन् माझ्या चाकूला तर कळच न्हाई," दादा म्हणाला.

खरेच नव्हती. घिसाड्याच्या चाकवात एक जाड खिळा आणि पात्याला घट्ट धरणारी मूठ, बस्स. पण त्याला कळ नाही हे उमरीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते; म्हणून त्याने कोणी टोचायला जात नाही, ओढून कापतो. चाळीस वर्षांत त्या चाकवाने दादाचे बोट कापले नाही. ज्या चाकवाने कापले, त्याला कळ होती; निदान तशी दिसत होती. स्वस्त आणि खोटे ह्यांत मी आजवर फरक करीत नव्हतो, तो त्या बाजेवर मला दिसला.

मग सुतळी कापून पाहिली. पदपथावरचे पाते वीस-पंचवीस तुकड्यांत बोथटले. घिसाड्याचे साठाच्या पुढे गेले. भाच्याचे कोठवर जाते, ते कळलेच नाही. सुतळी संपली आणि वहिनी रागावल्या. टोमॅटो चिरताना मात्र गंमत झाली. सगळ्यांत पातळ काप पडले ते दादाच्या चाकवाने. महागाच्या चाकवाचे पाते जाड, पाठीकडे भरलेले. जोराच्या कामाला ते बरे, पण स्वयंपाकघरात वहिनींनी त्याला दारातही उभे केले नसते.

बावीस हजारांतली एक मोठी वाटणी पोलादाची आहे. ते २००१ साली खास चाकवांसाठी निघालेले पोलाद: सुमारे दीड टक्का कर्ब, चौदा टक्के क्रोमियम, चार टक्के व्हॅनेडियम. हे व्हॅनेडियम कर्बाशी मिळून असे कठीण कण करते, की साधा धारेचा दगड त्यांच्यापुढे हरतो. दादाने सवयीने ते पाते दगडावर दोन हात फिरवले आणि थांबला. "घसरतंय की! दगुडच झिजायला." अशा पात्याला हिऱ्याची भुकटी बसवलेली पट्टी लागते. म्हणजे धार महिनोन्‌महिने टिकेल, आणि ज्या दिवशी जाईल त्या दिवशी उमरीत ती परत यायची नाही. दादाच्या चाकूची धार आठवड्याला जाते आणि विहिरीच्या काठावर दोन मिनिटांत येते. ह्यांतले श्रेष्ठ कोणते, हे मी तरी एका शब्दात सांगू शकणार नाही.

मात्र पोलादाची पारख ही काही अमेरिकेतून आलेली विद्या नव्हे. उमरीवरून पुढे जाणारे रूळ बासरला गोदावरी ओलांडून निजामाबादेस जातात. त्या जिल्ह्यात कोनासमुद्रम् नावाचे गाव आहे. १९५६ पर्यंत नांदेड आणि निजामाबाद दोन्ही हैदराबाद राज्यातलेच. ह्या कोनासमुद्रमला मातीच्या मुशीत पोलाद शिजवीत असत. त्याला इंग्रज 'वूट्झ' म्हणत, आणि त्याच जातीच्या पोलादाच्या तरवारी दमिश्कच्या नावाने जगभर गाजल्या. हेन्री व्हॉयसी ह्या डॉक्टरने तिथली कृती पाहून लिहिलेले टिपण १८३२ साली, त्याच्या मृत्यूनंतर, कलकत्त्यात छापले गेले. त्यात इराणी व्यापाऱ्यांचा उल्लेख आहे. इस्फहानहून इतक्या दूर येऊन ते भट्टीशेजारी राहत आणि माल स्वतःच्या डोळ्यांदेखत तयार करवून घेत. दादाला मी हे सांगितले. तो म्हणाला, "इराणातून आलं मानूस, पर बगून घेतलं. तू फोर्टातून घेतलास."

वाचक विचारतील, मग मधला मार्ग नाही काय? आहे, आणि चांगला जुना आहे. माझ्या वडिलांकडे शेफील्डच्या रॉजर्सचा चाकू होता, पात्यावर तारा आणि माल्टी क्रूस. बोरूची लेखणी तासण्यापासून आंबा कापण्यापर्यंत सारे त्यानेच व्हायचे. फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा चाकू काढला. १९५५ पासून त्याच्या गळ्याशी एक फिरते कडे असते, ते वळवले की पाते मिटत नाही. इतकी साधी कळ, की बिघडायला तिच्यात काही नाहीच. स्वित्झर्लंडचा कार्ल एल्सनर १८९१ पासून तिथल्या सैन्याला चाकू पुरवू लागला. त्याच्या घराण्याचे लाल चाकू आपल्याकडच्या बऱ्याच घरांत कपाटात पडून असतात. ह्यांतला कोणताही चाकू भाच्याच्या चाकवाच्या किमतीच्या लहानशा अंशात येतो आणि सांगितलेले काम करतो. बावीस हजारांतली बरीचशी रक्कम कामाची नसून हौसेची असते. हौसेला माझी हरकत नाही. फक्त साडेचारशे रुपयांत ती भागवायला निघालो, तेथे माझे चुकले.

निघायच्या दिवशी दादाने भाच्याचा चाकू नातवापुढे ठेवला. हातात दिला नाही. जमिनीवर ठेवला आणि त्याने डाव्या हाताने उचलला. उजव्याला अजून पट्टी होती. वहिनींनी पुरणपोळ्या आणि सीताफळे बांधून दिली. त्या माझ्याशी नेहमीसारख्याच बोलत होत्या, पण पिशवी देताना त्यांनी नजर वर उचलली नाही, की मलाच तसे वाटले, कोण जाणे.

टाके निघाल्याचा फोन दिवाळीच्या आधी आला. बोट वळते, लिहिता येते. पदपथावरच्या चाकवाचे काय केले, असे मी भीत भीत विचारले. दादाने त्याची मूठ आणि पट्टी भंगारात टाकली होती आणि पात्याला घिसाड्याकडून बाभळीची पक्की मूठ ठोकून घेतली होती. आता ते मिटतच नाही. वहिनी त्याने भेंडी चिरतात. रोज धार लावावी लागते, पण चिरते म्हणे.

"पुढच्या येळंला येताना त्यो हिऱ्याचा दगुड घेऊन ये," तो म्हणाला. "आन् केवढ्याला पडला, ते खरं सांग."